माजी नवऱ्याची बँकरप्सी आणि तुमची पोटगी: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

न्यू जर्सीत एका वकिलाच्या ऑफिसात मी कागद लावण्याचं काम करते. घटस्फोट झालेल्या मराठी बायकांचे दोन प्रकारचे फोन येतात. पहिलीचा आवाज रडवेला असतो: "त्याने बँकरप्सी फाइल केली, आता मुलांचे पैसे बुडाले." दुसरी निवांत असते: "डिव्होर्सचे पैसे बँकरप्सीत माफ होत नाहीत म्हणे, मग मी कशाला धावपळ करू?" पहिली चुकत असते, पण घाबरून का होईना, वेळेत विचारते. दुसरीचं म्हणणं अर्धं खरं असतं आणि पैसे बहुतेक वेळा तिचेच जातात.

सोयीसाठी नवऱ्याने दिवाळखोरी घेतली आणि बायकोला पैसे येणं आहेत, असं धरून लिहिते. उलटंही असतंच, नियम तेच. घटस्फोटाचा कायदा राज्याराज्यांत वेगळा असला तरी बँकरप्सीचा कायदा फेडरल आहे. त्यामुळे न्यू जर्सीतलं एडिसन काय नि कॅलिफोर्नियातलं फ्रीमॉन्ट काय, खालचा क्रम सारखाच. मी वकील नाही. हे वाचून वकिलाकडे गेलात तर त्याचा पहिला तास कागद शोधण्यात जाणार नाही, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

तयारी: ही फाइल आधी हातात हवी

घटस्फोटाचा अंतिम हुकूम आणि त्याला जोडलेला करारनामा, सगळ्या पानांसकट. नंतर झालेले बदलांचे आदेश. चाइल्ड सपोर्ट राज्याच्या यंत्रणेमार्फत येत असेल तर तिथला जमाखर्चाचा उतारा. थेट खात्यावर येत असेल तर बँकेची स्टेटमेंट्स. दोघांच्या नावावरची क्रेडिट कार्डं आणि कर्जं यांची ताजी बिलं.

सगळ्यात जास्त अडतं ते करारनाम्यापाशी. हुकूम दोन पानांचा, त्यावर जज्जची सही, म्हणून तोच जपून ठेवलेला असतो. खरा मजकूर मात्र जोडलेल्या तीस-चाळीस पानांत असतो आणि ती पानं कुठल्या तरी जुन्या ईमेलमध्ये. आधी ती शोधा.

पायरी १: केस नंबर, चॅप्टर आणि तारीख

कुणाकुणाचं देणं आहे त्या यादीत त्याने तुमचं नाव दिलं असेल तर कोर्टाची नोटीस टपालाने येते. पत्ता जुना असेल तर येत नाही. नोटिशीची वाट पाहू नका. फेडरल कोर्टांच्या 'पेसर' या वेबसाइटवर खातं उघडून नावाने शोधता येतं. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच भरावं लागत नाही.

कागदावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहा: केस नंबर, फाइल केल्याची तारीख, आणि चॅप्टर ७ की १३.

चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टी (केस सांभाळायला नेमलेला माणूस) विकण्याजोगी मालमत्ता असली तर ती विकून पैसे वाटतो आणि काही महिन्यांत उरलेली बहुतेक कर्जं माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये काही विकत नाहीत. तीन ते पाच वर्षं ठरलेल्या 'प्लॅन'प्रमाणे हप्ते भरायचे आणि शेवटी उरलेलं माफ. तुमच्या पैशांचं काय होणार हे या एका आकड्यावर किती अवलंबून आहे, ते पुढच्या पायरीत कळेल.

*तपासा:* १३ मध्ये सुरू झालेली केस पुढे ७ मध्ये बदलू शकते. दोन-तीन महिन्यांनी एकदा पेसरवर डोकावत जा.

पायरी २: हुकुमातल्या पैशांचे दोन ढीग करा

इथे घाई करू नका. सगळी चूक इथेच होते.

करारनामा घेऊन बसा. त्याने तुम्हाला किंवा तुमच्यासाठी कुणाला जे जे पैसे द्यायचे आहेत, ते कलम आणि पान नंबरासकट एकाखाली एक लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे 'पोटगी' किंवा 'वाटणी' असं लिहा.

पोटगी म्हणजे जगण्यासाठीचे पैसे: चाइल्ड सपोर्ट, ॲलिमनी, मुलांचा आरोग्य विमा, आणि पुष्कळदा मुलांच्या ताब्याच्या दाव्यात त्याने भरायची ठरलेली तुमची वकील-फी. वाटणी म्हणजे संसाराचा हिशेब मिटवण्याचे पैसे: घरातल्या तुमच्या हिश्श्याची रक्कम, त्याच्याकडे जास्त मालमत्ता गेली म्हणून द्यायची भरपाई, 'हे कार्ड मी फेडीन' असं त्याने घेतलेलं ओझं.

फरक असा. चॅप्टर ७ मध्ये दोन्ही ढीग वाचतात. ऑक्टोबर २००५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीपासून तिथे घटस्फोटातून आलेलं कुठलंच देणं माफ होत नाही. चॅप्टर १३ मध्ये पोटगी वाचते, एवढंच नाही तर तिची थकबाकी प्लॅनमधून पूर्ण भरावी लागते. वाटणीचे पैसे मात्र क्रेडिट कार्ड कंपन्यांच्या रांगेत जाऊन बसतात. समजा तुम्हाला वाटणीचे ४०,००० डॉलर येणं आहे आणि प्लॅनमधून त्या रांगेला शेकडा १० मिळणार आहेत. पाच वर्षांत तुमच्या हाती ४,००० येतील, आणि त्याने प्लॅन पुरा केला की उरलेले ३६,००० कायमचे गेले. 'डिव्होर्सचे पैसे माफ होत नाहीत' म्हणणारी बाई नेमकी इथे फसते. केस अर्ध्यावर मोडून ७ मध्ये गेली, तर तोवर न मिळालेली रक्कम पुन्हा जिवंत होते.

आता अवघड भाग. कलमाच्या डोक्यावर 'मालमत्तेची वाटणी' असं छापलेलं असलं म्हणून ते वाटणीच ठरतं असं नाही. बँकरप्सी कोर्ट नावापेक्षा त्या पैशांचं काम बघतं. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर ज्याखाली येतात त्या तिसऱ्या सर्किटच्या अपील कोर्टाने १९९० मध्ये जियानाकस खटल्यात तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: कराराची भाषा आणि आशय, त्या वेळची दोघांची आर्थिक स्थिती, आणि ते पैसे नेमकं कशासाठी होते. त्या खटल्यात नवऱ्याने घरावरचं दुसरं कर्ज फेडायचं कबूल केलं होतं. दिसायला ती वाटणी. पण त्या घरात बायको-मुलं राहत होती, म्हणून कोर्टाने ती पोटगीच मानली.

म्हणून प्रत्येक 'वाटणी'च्या ओळीला हे विचारा. त्या वेळी तुम्हाला पगार होता का, की जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर घरी होतात? ॲलिमनी सोडून त्या बदल्यात ही रक्कम घेतली होती का? पैसे महिन्याच्या महिन्याला येतात की एकदाच ठोक? तुमचं पुन्हा लग्न झालं किंवा दोघांपैकी कुणी गेलं तर ते थांबतात का? मुलांच्या डोक्यावरचं छप्पर या रकमेवर टिकलं आहे का? उत्तरं पोटगीकडे झुकत असतील तर त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढा. वकिलाला आधी त्या ओळी दाखवा.

*सावध:* "सगळंच पोटगी आहे" असा दावा ठोकू नका. घराच्या ठोक हिश्श्याला पोटगी म्हणायला गेलात तर खऱ्या पोटगीवरचाही विश्वास उडतो.

पायरी ३: काय थांबतं, काय थांबत नाही

केस दाखल होताच वसुलीवर आपोआप स्थगिती येते. तिला 'ऑटोमॅटिक स्टे' म्हणतात. पगारातून कापला जाणारा चाइल्ड सपोर्ट मात्र या स्थगितीत येत नाही. त्याच्या एचआरने "बँकरप्सी आहे" म्हणून कपात थांबवली असेल तर ती चूक आहे. राज्याच्या चाइल्ड सपोर्ट ऑफिसला लगेच कळवा. टॅक्स रिफंड अडवणं, थकबाकीसाठी लायसन्स निलंबित करणं, रक्कम वाढवून किंवा कमी करून मागणं, मुलांचा ताबा, कौटुंबिक हिंसेविरुद्धचे अर्ज, आणि घटस्फोट स्वतः, हे सगळं चालू राहू शकतं.

मालमत्तेची वाटणी थांबते. घटस्फोटाचा दावा अजून चालू असेल तर फॅमिली कोर्ट विवाह संपवू शकतं, पोटगी ठरवू शकतं, पण जी मालमत्ता बँकरप्सीत गेली तिची वाटणी बँकरप्सी कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकत नाही.

*सावध:* वाटणीच्या पैशांसाठी त्याला मेसेज करणं, फॅमिली कोर्टात अवमानाचा अर्ज टाकणं, "बघून घेईन" म्हणणं, हे सगळं आत्ता बंद. स्थगिती मोडल्याचा दंड उलट तुमच्यावर बसू शकतो. चॅप्टर ७ मध्ये ही रक्कम डिस्चार्ज, म्हणजे त्याच्या कर्जमाफीचा आदेश, झाल्यावर मागता येते. तोवर गप्प.

चॅप्टर १३ मध्ये आणखी एक खाच आहे. प्लॅन मंजूर झाला की तो सगळ्यांना बांधील असतो. थकबाकी प्लॅनमधून येत असताना बाहेरूनही तीच वसूल करायला जाऊ नका. फ्लोरिडाच्या महसूल खात्यालाही हे महागात पडलं आहे. २०१६ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने त्यांच्या विरोधात निकाल दिला.

पायरी ४: प्रूफ ऑफ क्लेम, ७० दिवसांच्या आत

प्रूफ ऑफ क्लेम म्हणजे 'माझं इतकं येणं आहे' असा कोर्टात द्यायचा फॉर्म. चॅप्टर १३ मध्ये हा फॉर्म भरला नाही तर पोटगीचं कर्ज मरत नाही, पण प्लॅनमधून पैसे मिळण्याची रांग तुमच्याशिवाय पुढे सरकते. मुदत केस दाखल झाल्यापासून ७० दिवस. नोटीस हाती आल्यापासून नव्हे. चॅप्टर ७ मध्ये नोटिशीवर बहुतेक वेळा "वाटायला मालमत्ता नाही, क्लेम भरू नका" असं लिहिलेलं असतं. तिथे थांबा. ट्रस्टीला नंतर काही सापडलं तर कोर्ट नवी तारीख कळवतं.

फॉर्मचा नंबर ४१०. फी नाही. भरताना:

१. रक्कम केस दाखल झाल्याच्या दिवसापर्यंतची थकबाकी तेवढीच. पुढच्या महिन्यांचा सपोर्ट यात घालू नका, तो कायद्यानेच नाकारला जातो. तो त्याला वेगळा, दर महिन्याला, द्यावाच लागतो.

२. प्राधान्याच्या प्रश्नात पोटगीचा चौकोन सगळ्यात वर आहे. त्यावर खूण करा आणि रक्कम लिहा. खूण राहिली तर तुमची पोटगी कार्ड कंपन्यांच्या रांगेत जाते. माझ्या हाताखालून गेलेल्या फॉर्मांत सगळ्यात जास्त चुका या एका चौकोनात असतात.

३. पोटगी आणि वाटणी दोन्ही येणं असेल तर दोन आकडे वेगळे दाखवा. एकच गोळाबेरीज लिहू नका.

४. हुकूम, करारनाम्याची संबंधित पानं आणि महिनावार हिशेब जोडा. हिशेबाला तीन रकाने पुरतात: देय, मिळाले, बाकी.

५. जोडण्याआधी काळं करा. मुलांची फक्त आद्याक्षरं, सोशल सिक्युरिटीचे आणि खात्याचे शेवटचे चार आकडे, जन्मतारखेचं फक्त वर्ष. हे कागद पेसरवर कुणालाही दिसतात.

*तपासा:* सपोर्ट राज्याच्या यंत्रणेमार्फत येत असेल तर तेही क्लेम भरू शकतात. फोन करून विचारा, नाहीतर एकाच रकमेचे दोन क्लेम जातात आणि त्याचा वकील दोन्हींवर हरकत घेतो. पण "ते भरतील" या भरवशावर ७० दिवस जाऊ देऊ नका.

पायरी ५: ट्रस्टीसमोरची बैठक आणि भारतातली मालमत्ता

केस दाखल झाल्यावर साधारण महिनाभरात '३४१ मीटिंग' असते. जज्ज नसतो, ट्रस्टी असतो. नवरा शपथेवर उत्तरं देतो. येणं असलेल्या कुणालाही तिथे प्रश्न विचारता येतात, म्हणजे तुम्हालाही.

अमेरिकन ट्रस्टीला जे कळणार नाही ते तुम्हाला माहीत असतं. बँकरप्सीत मालमत्ता जगात कुठेही असली तरी दाखवावी लागते. बाणेरचा फ्लॅट, ठाण्यातल्या सोसायटीतला हिस्सा, एनआरओ खात्यातल्या एफडी, वडील गेल्यावर सातबाऱ्यावर चढलेलं नाव, सगळं. "ती आईच्या नावावर आहे, मी फक्त हप्ते भरतो" हेही सांगावं लागतं. फाइल करण्याआधीच्या दोन वर्षांत भावाच्या नावावर केलेली जागा, वर्षभरात आई-वडिलांना फेडलेले पैसे, यांसाठीही त्या फॉर्मांत स्वतंत्र प्रश्न आहेत.

पेसरवरून त्याची मालमत्तेची यादी आणि आर्थिक व्यवहारांचं निवेदन काढा. घटस्फोटात त्यानेच दिलेल्या यादीशेजारी ठेवा. काय गळलं आहे ते लिहा आणि पुराव्यासह ट्रस्टीला बैठकीआधी पाठवा: इंडेक्स टूची प्रत, बँकेचं पत्र, जुना ईमेल. आरोप नकोत. "करारनाम्याच्या पान १४ वर हा फ्लॅट आहे, यादीत दिसत नाही" एवढंच लिहा. ट्रस्टीला गोष्टी ऐकायला वेळ नसतो, पान नंबर आवडतात.

मालमत्ता जाणूनबुजून लपवली तर चॅप्टर ७ मध्ये त्याची सगळीच कर्जमाफी नाकारली जाऊ शकते, आणि फेडरल कायद्यात हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सूड म्हणून नव्हे, तर वाटायला काही सापडलं तर पोटगीची थकबाकी बिनतारण देण्यांत पहिल्या क्रमांकाला असते, म्हणून हे काम करायचं. तुमच्या माहेरचं सोनं त्याच्या लॉकरमध्ये असेल तर तेही याच वेळी लेखी कळवा.

*सावध:* घटस्फोटाचा करारच त्याने खोटं बोलून करून घेतला होता असं आता दिसलं, तर फसवणुकीचा दावा वेगळा असतो. त्याची मुदत बैठकीच्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवस. बैठक पुढे ढकलली म्हणून मुदत पुढे जात नाही.

पायरी ६: चॅप्टर १३ चा प्लॅन ओळ न ओळ वाचा

टपालाने प्लॅन येतो आणि बहुतेक जणी तो उघडतही नाहीत. तुमचं नाव कुठल्या भागात आहे ते शोधा. पोटगीची थकबाकी प्राधान्याच्या भागात, पूर्ण रकमेसह असली पाहिजे. तुमच्या संमतीशिवाय ती कमी करता येत नाही. 'बिनतारण' भागात टाकली असेल किंवा आकडा कमी असेल, तर मंजुरीच्या सुनावणीआधी लेखी हरकत घ्यायची. पायरी २ मध्ये प्रश्नचिन्ह काढलेल्या ओळींचा सोक्षमोक्ष लावायची वेळही हीच. पोटगी आहे की वाटणी, हे ठरवून घेण्याला कायद्याने कडक मुदत नाही, पण प्लॅन मंजूर झाल्यावर भांडणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं.

तुमच्या हातातली दोरी ही: केस दाखल झाल्यानंतरचा चालू सपोर्ट त्याने थकवला तर प्लॅन मंजूर होत नाही, मंजूर झालेली केस बंद पडू शकते, आणि शेवटी डिस्चार्ज मिळण्याआधी सगळी पोटगी भरल्याचं त्याला प्रमाणित करावं लागतं. एक हप्ता चुकला तरी ट्रस्टीला लेखी कळवा. 'या वेळी जाऊ दे' म्हणून सोडलेले महिने नंतर सिद्ध करता येत नाहीत.

पायरी ७: दोघांच्या नावावरचं कार्ड

हुकुमात लिहिलं आहे की कार्ड तो फेडणार. कार्ड कंपनी त्या हुकुमात पक्षकार नव्हती, तिला त्याचं बंधन नाही. त्याचं देणं चॅप्टर ७ मध्ये कंपनीपुरतं माफ झालं की ती तुमच्या दारात येते. आधी कंपनीशी बोलून स्वतःचं क्रेडिट सांभाळा, जे भराल त्याच्या पावत्या ठेवा. तुम्ही भरलेले पैसे त्याच्याकडून मागण्याचा तुमचा हक्क चॅप्टर ७ नंतरही शाबूत असतो. चॅप्टर १३ मध्ये घरखर्चाच्या अशा कर्जांवर सहकर्जदारालाही बहुधा तात्पुरतं संरक्षण मिळतं, पण केस संपल्यावर ते उठतं, आणि त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क वाटणीच्या ढिगात जाऊ शकतो.

पायरी ८: डिस्चार्जचं पत्र

डिस्चार्ज झाला की तुम्हाला पत्र येतं. ते फेकू नका. ज्यांना पोटगी येणं आहे त्यांना ट्रस्टीने त्याचा शेवटचा ज्ञात पत्ता आणि नोकरीचं ठिकाण कळवायचं असतं. वसुली पुन्हा सुरू करायला तुम्हाला हेच लागतं. पोटगीसाठी तर त्याने कायद्याने सूट घेऊन वाचवलेल्या मालमत्तेपर्यंतही पोचता येतं. ज्यांचं येणं आहे अशा बाकीच्या बहुतेकांना ते दार बंद असतं.

फाइल करणारे तुम्ही असाल तर

माजी बायकोचं नाव आणि खरा पत्ता यादीत द्या, वगळून काही वाचत नाही. पोटगी रोख किंवा 'झेल'ने (बँकेतून थेट पैसे पाठवण्याची सोय) देऊ नका, राज्याच्या यंत्रणेमार्फत द्या, म्हणजे शेवटच्या प्रमाणपत्राच्या वेळी पुरावा मिळतो. १८,००० डॉलर थकले असतील तर चॅप्टर १३ मध्ये ते ६० महिन्यांत, महिना ३०० प्रमाणे आणि वर ट्रस्टीचं कमिशन धरून, फेडता येतात. चालू सपोर्ट त्याशिवाय. तो झेपणार नसेल तर फाइल करण्याआधी फॅमिली कोर्टात रक्कम कमी करून घ्या. बँकरप्सी कोर्ट ती कमी करत नाही.

आणि फाइल केल्यापासून १८० दिवसांत घटस्फोटाच्या करारातून तुम्हाला काही मालमत्ता मिळाली तर ती ट्रस्टीच्या ताब्यात जाते. म्हणून दोन्ही वकिलांना एकमेकांच्या तारखा कळवा.

करारावर अजून सही व्हायची असेल तर

नशीबवान आहात. पोटगीच्या कलमात 'उदरनिर्वाहासाठी' हे शब्द आणि कारण लिहून घ्या: तिला नोकरी नाही, मुलं या घरात राहतात. ठोक वाटणीची रक्कम नुसत्या वचनावर सोडू नका. त्याला मिळणाऱ्या घरावर तुमचा बोजा हुकुमातच नोंदवून घ्या आणि काउंटीत चढवा. १९९१ मध्ये फेरी विरुद्ध सँडरफूट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा हुकुमातूनच आलेला बोजा नवऱ्याला बँकरप्सीत पुसू दिला नाही. शक्य तिथे कार्डं सहीआधीच मिटवा. ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यातला हिस्सा ठरला असेल तर प्लॅन कंपनीला लागणारा वेगळा आदेश, ज्याला इथे सगळे 'क्वाड्रो' म्हणतात, तो त्याच महिन्यात काढून घ्या. ही फाइल वर्षानुवर्षं टेबलावर पडून राहिलेली मी पाहिली आहे.